साडूंची खोकी

ज्या काळात मी नाशकात भाड्याच्या घरांतून राहत होतो, त्या काळात या शहरात जेवढी बिऱ्हाडं इकडून तिकडे हलली, त्यांतली निम्मी माझ्या साडूंनी हलवली आणि उरलेल्या निम्म्यांना न मागता सल्ला दिला, असं मी म्हटलं तर त्याला अतिशयोक्ती फक्त त्यांना न ओळखणारा माणूसच म्हणेल. हलवली म्हणजे त्यांनी कपाटं उचलली असं नव्हे. कपाटं उचलायला हमाल असतात, टेम्पोवाले असतात, आणि कुणीच नसेल तर माझ्यासारखे नाइलाज झालेले नातेवाईक असतात. साडू खोकी आणायचे. पुठ्ठ्याची, रिकामी आणि फुकट. "खोकं विकत घेणं म्हणजे हवा विकत घेणं, मास्तर," असं ते मला सांगायचे, आणि ते इतक्या गांभीर्याने सांगायचे की आपण आयुष्यात कधीतरी एखादं खोकं विकत घेतलं होतं हे कबूल करायची हिंमत होत नसे.

हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भावोजी म्हणते, म्हणून मीही भावोजीच म्हणू लागलो. मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून ते मला मास्तर म्हणतात. ते नाशिक रोडला जेल रोडच्या बाजूला दोन खोल्यांत राहायचे आणि विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायची नोकरी करायचे. या नोकरीनेच त्यांचा घात केला असं माझं मत आहे. दुकानातलं मीटर कधी दर्शनी भागात नसतं. ते मागच्या अंधाऱ्या बोळकांडीत असतं, आणि दुकानदार रिकामी खोकी नेमकी त्याच्यासमोर रचून ठेवतो. आकडा वाचायचा तर आधी खोकी बाजूला करायला लागतात. वर्षानुवर्षं रोज शंभर ठिकाणी खोकी बाजूला केल्यावर एखाद्याला त्यांचा वीट आला असता. भावोजींना लळा लागला.

खोकी फुकट मिळवायची त्यांची एक पद्धत होती, आणि ती पद्धत मी एकदाच जवळून पाहिली, कारण दुसऱ्यांदा पाहायची माझ्यात ताकद नव्हती. आमचं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि पंचवटीतली खोली सोडून आम्ही सिडकोत जाणार होतो. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून मी भावोजींबरोबर गोळे कॉलनीत एका औषधांच्या ठोक दुकानात गेलो. दाराशीच सलाइनच्या बाटल्यांची अकरा खोकी रचलेली होती. मी म्हणालो, "ही चालतील ना?" भावोजींनी मला कोपराने ढोसलं आणि खोक्यांकडे न बघता आत गेले. मग त्यांनी मालकाच्या वडिलांच्या गुडघ्याची चौकशी केली. मुलीला दहावीला किती पडले ते विचारलं. मीटरजवळची एक वायर ढिली आहे, तिच्याकडे बघून घ्या, असं सांगितलं. चहा आला, तो प्यायला. मालकाच्या मेहुण्याने ओझरला प्लॉट घेतला होता, तो घ्यायला नको होता यावर दोघांचं एकमत झालं. पाऊण तासाने भावोजी उठले आणि म्हणाले, "येतो मग."

"काही काम होतं का?" मालकाने विचारलं.

"काम कसलं! सहज."

पायऱ्या उतरताना मात्र ते थबकले, त्या अकरा खोक्यांकडे पाहून एक उसासा सोडला आणि म्हणाले, "चांगला माल बाहेर धूळ खातोय हो."

"मग घेऊन जा ना."

"छे छे! तुम्हाला लागतील."

मी तेव्हा घामाने निथळत होतो आणि मनातल्या मनात ती अकराच्या अकरा खोकी त्यांच्या डोक्यावर आपटत होतो. मालकाने तीनदा आग्रह केला, भावोजींनी दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा "तुम्ही एवढं म्हणताच आहात तर" असं म्हणून खिशातून सुतळी काढली. सुतळी खिशात होती! परत येताना मला म्हणाले, "मागायचं नाही कधी, मास्तर. देणाऱ्याला आपण काहीतरी दिलं असं वाटायला पाहिजे." अकरा खोक्यांसाठी माझी अर्ध्या दिवसाची रजा गेली, आणि वर मला धडा मिळाला.

खोकं हातात आलं की ते बोटाच्या पेराने वाजवून बघायचे, मग आत डोकं घालून वास घ्यायचे. पुस्तकांना सलाइनचं खोकं, कारण ते लहान आणि दणकट. काचेच्या भांड्यांना काश्मिरी सफरचंदाचं, कारण त्यात कागदाच्या कातरणांची गादी आयती मिळते. गोधड्यांना टीव्हीचं. द्राक्षाच्या हंगामात पिंपळगावकडून एक ओळखीचा माणूस त्यांना पॅकिंगची खोकी आणून द्यायचा. ती इतकी बुटकी असायची की सिडकोतल्या घरी आमचा सगळा संसार चार-चार किलोंनी पोचला होता, आणि चहाची गाळणी कुठल्या खोक्यात आहे हे शोधायला बायकोला तीन दिवस लागले. त्या वेळी मी वैतागून एक गोष्ट स्वतःच्या अकलेने केली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून साबणाचं एक भलंमोठं खोकं आणलं आणि त्यात डाळी, पोहे, रवा भरून टाकला. भावोजींनी ते पाहिलं, हुंगलं आणि म्हणाले, "मास्तर, वरण फेसाळेल." फेसाळलं नाही, पण पुढचे दोन महिने आमच्या घरी पोह्यांना आंघोळीचा वास येत होता, आणि भावोजी जेव्हा जेव्हा यायचे तेव्हा बशी नाकाजवळ नेऊन, काही न बोलता, खाली ठेवायचे. ते बोलले असते तर परवडलं असतं.

खोकी ते आपल्या जुनाट स्कूटरवरून आणायचे. मागे सुतळीने बांधलेली चळत इतकी उंच असायची की समोरून स्कूटर येतेय असं वाटायचं आणि मागून एखादी इमारत चाललीय असं. एकदा त्या चळतीला धरून बसायला त्यांनी मला मागे घेतलं. होळकर पुलावर वारा सुटला, आणि सगळ्यात वरचं टीव्हीचं खोकं माझ्या हातातून सुटून कठड्यावरून थेट गोदावरीत गेलं. भावोजींनी भर पुलावर स्कूटर थांबवली. मागे बस, तिच्यामागे दोन रिक्षा, सगळे हॉर्न वाजवतायत, आणि हे कठड्यावरून खाली वाकून नदीत आंघोळ करणाऱ्या एका गृहस्थांना ओरडून सांगतायत, "ओ दादा! धरा ते! धरा, धरा!" त्या गृहस्थांनी वर पाहिलं, तरंगत येणारं खोकं पाहिलं, कुणाचं तरी निर्माल्य असावं असं समजून त्याला हात जोडले आणि पुढे ढकलून दिलं. भावोजी घरी पोचेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. "गोधड्यांचं होतं ते," एवढंच शेवटी म्हणाले.

बरं, नवीन घरी आलो म्हणजे सुटका झाली असंही नाही. आठ दिवसांत सगळी खोकी रिकामी करून, चिकटपट्टी ओल्या फडक्याने सोडवून, घड्या घालून त्यांना परत द्यायची, कारण पुढचं कुणीतरी बिऱ्हाड खोळंबलेलं असायचं. आम्ही आळस केला तर ते स्वतः येऊन रिकामी करायचे. आमचा टीव्ही एका खोक्यावर ठेवलेला होता. रविवारी सकाळी आम्ही तो बघत असताना त्यांनी टीव्ही उचलून जमिनीवर ठेवला, खोकं काढून घेतलं आणि "चालू द्या, चालू द्या" म्हणत निघून गेले. पुढचा महिनाभर आम्ही चटईवर आडवे होऊन टीव्ही पाहिला.

त्यानंतर एकदा मी चिडून म्हणालो होतो, "भावोजी, एवढा खटाटोप कशाला? लोक पोत्यांत भरतात, चादरीत गाठोडी बांधतात, होतंच की सगळं." तेवढ्या एका वेळी मी त्यांना रागावलेलं पाहिलं. आवाज चढवला नाही, पण चहाचा कप तसाच ठेवला. मग थोड्या वेळाने आपणहून सांगू लागले. त्यांचं लहानपण देवळ्याकडचं. वडील एका व्यापाऱ्याकडे कामाला होते आणि त्याच्याच आवारातल्या खोलीत राहायचे. काही बिनसलं, आणि व्यापाऱ्याने संध्याकाळच्या आत खोली रिकामी करायला सांगितली. सगळं सामान एका बैलगाडीवर उघडंच टाकलं. पोचे आलेली पातेली, फाटकी वाकळ, वडिलांचं ठिगळ लावलेलं धोतर. गाडी भर बाजारातून गेली आणि त्यांच्या वर्गातली मुलं ओट्यावर उभी राहून बघत होती. "माझी आई गाडीमागून चालत होती, मास्तर. पदर नाकापर्यंत ओढून. गावात सगळे तिला ओळखत होते, पण तिने चेहरा झाकला होता." मग कप उचलून म्हणाले, "माणसाचा संसार रस्त्यावरून उघडा जाऊ नये. लय वाईट दिसतं." पण माणसाचं मन कोतं असतं. त्यांच्याबद्दलचा माझा वैताग त्याने चार दिवस कमी झाला, पाचव्या दिवशी पुन्हा होता तेवढा झाला.

तो वैताग टोकाला गेला आमच्या तिसऱ्या बिऱ्हाडाच्या वेळी. सिडकोतल्या मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांनी आठ दिवसांत घर मागितलं. बायकोला सातवा महिना होता. धावाधाव करून मी पंचवटीत एका निवृत्त हेडमास्तरांचा वरचा मजला ठरवला. ठरवताना त्यांनी माझी तोंडी परीक्षाच घेतली. घरात मांसाहार? नाही. विडी-सिगारेट? नाही. मद्य? "शिव शिव!" असं मी म्हणालो होतो. मे संपत आला होता, बदल्यांचे दिवस, अर्धं शहर सामान बांधत होतं, आणि खोक्यांचा असा दुष्काळ पडला की गोळे कॉलनीतही भावोजींना चहा मिळाला पण खोकं मिळालं नाही. जायच्या आदल्या दिवशी ते दोन रिक्षा भरून खोकी घेऊन आले. त्यांचा चेहरा उजळलेला होता. नाशिक रोडच्या एका दारूच्या दुकानाचं मीटर ते बघायचे, तिथली ही खोकी.

"भावोजी, मी शिक्षक आहे हो!"

"अहो, खोकं बघा आधी. आत बारा कप्पे. बाटली फुटू नये म्हणूनच बनवलेलं असतं. तुमच्या लोणच्याच्या बरण्या नवरीसारख्या बसतील त्यात."

दुसरा उपाय नव्हता. बायकोने गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि भावोजींनी प्रत्येक खोक्यावर वर्तमानपत्राचे कागद चिकटवले. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो हेडमास्तरांच्या फाटकाशी थांबला तोवर ऊन आणि वाऱ्याने निम्मे कागद सुटले होते. नुसती खोकी असती तर कदाचित चाललं असतं. आता ती अशी दिसत होती की आत जे काही आहे ते आम्ही जगापासून लपवायचा प्रयत्न केला आणि तोही आम्हाला जमला नाही. वर्तमानपत्राच्या फाटक्या कडांमधून कुठे मुकुट घातलेला राजा, कुठे उडी मारणारा घोडा डोकावत होता. हेडमास्तर फाटकात येऊन उभे राहिले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि सावकाश सगळी खोकी वाचली.

"हे काय आहे?"

"सामान आहे सर," मी म्हणालो.

"तुम्हाला मी विचारलं होतं. शिक्षक आहात तुम्ही. हे सामान माझ्या घरात येणार नाही."

मी खूप काही बोललो. खोकी रिकामी आणली होती, ही यांनी आणली, मी थेंबाला शिवत नाही. जितकं बोललो तितका मी खोटारडा दिसू लागलो. भावोजींनी पुढे होऊन आपली पद्धत वापरून पाहिली. "सर, तुमचं मीटर कुठे बसवलंय?" असं ते म्हणाले, आणि हेडमास्तरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की वाक्य तिथेच मेलं. टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, लवकर काय ते ठरवा. मला दुपारून विंचूरला कांदा भरायला जायचं हाय." मागचं घर सुटलेलं होतं, तिथे एव्हाना चुना लागत असणार. बायको फाटकाच्या खांबाला टेकून उन्हात उभी होती आणि तिचे पाय सुजलेले मला दिसत होते. भावोजींनीही ते पाहिलं असावं.

ते टेम्पोत चढले. पहिलं खोकं उचलून त्यांनी खाली रस्त्यावर ठेवलं, सुतळी तोडली आणि झाकणं उघडली. "बघा सर," ते म्हणाले. लोणच्याच्या बरण्या. दुसरं उघडलं. माझे नकाशे आणि शाळेची बक्षिसाची पुस्तकं. तिसऱ्यात देव, मऊ फडक्यात गुंडाळलेले. चौथ्यात काजळी धरलेल्या कढया, पाचव्यात माझ्या कॉलर उलटवलेल्या सदऱ्यांची चळत आणि त्यांच्याखाली बायकोचे दंड घालून जोडलेले परकर. समोरच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या. भावोजी एकेक खोकं उघडत होते आणि उघडताना तोंड दुसरीकडे फिरवत होते. मी त्यांच्यावर इतका संतापलेलो होतो की ते काय करताहेत हे मला सातव्या खोक्यापर्यंत कळलंच नाही. कळलं तेव्हा मी "भावोजी, राहू द्या" म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही.

त्या सातव्या खोक्यावर राजाचं चित्र अख्खं दिसत होतं. आत ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, आपल्या जुन्या मऊ साड्यांची शिवलेली दुपटी होती, झबली होती आणि मुठीएवढं एक लाल टोपडं होतं. भावोजी ते बाहेर काढू लागले, एवढ्यात हेडमास्तरांच्या मागून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. "अहो, पुरे झालं! काय चालवलंय हे?" त्या बाहेर आल्या, भावोजींच्या हातातलं टोपडं घेऊन पुन्हा खोक्यात ठेवलं आणि झाकणं बंद केली. मग माझ्या बायकोचा हात धरला. "कितवा गं?"

"सातवा."

"आणि उन्हात उभी आहेस? चल आत."

"अगं पण ही खोकी?" हेडमास्तर म्हणाले.

"ती तुम्ही आणा वर," असं म्हणून त्या बायकोला घेऊन आत गेल्या. हेडमास्तर क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी धोतराचा सोगा खोचला, तो मुकुटधारी राजा दोन्ही हातांत उचलला आणि सगळ्या गल्लीदेखत जिना चढू लागले.

सामान लागल्यावर सगळ्यांना चहा-पोहे आले. भावोजींनी काही घेतलं नाही. ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून खोक्यांची दुमडलेली झाकणं सरळ करत होते. त्यांना काय काय सुनवायचं हे मी सकाळपासून मनात जुळवून ठेवलं होतं. मी शेजारी जाऊन बसलो तर तेच म्हणाले, "चुकलं माझं मास्तर. खोकं आणताना वस्ती बघायला पाहिजे होती." मी त्यांना झाकणं सरळ करायला मदत केली, आणि ते मला कडा कशी दाबायची ते दाखवत राहिले.

त्या घरात आम्ही सहा वर्षं राहिलो. मुलगी तिथेच रांगायला लागली. दोन महिन्यांनी हेडमास्तरांनी मला हळूच बाजूला घेऊन विचारलं, की ती कप्प्याची खोकी आणखी मिळतील का, आमच्या हिला बरण्यांसाठी फार आवडलीत.

मग गंगापूर रोडच्या बाजूला आम्ही आमचा स्वतःचा फ्लॅट घेतला. तोवर भावोजी निवृत्त झाले होते आणि त्यांना छातीचं दुखणं लागलं होतं. ताईंनी फोन करून निक्षून सांगितलं, "यांना कळू देऊ नका. कळलं तर जिने चढत बसतील." म्हणून मी सामान हलवणारी माणसं लावली, गणवेशातली, नव्या कोऱ्या खोक्यांसकट. त्यांनी सकाळी नऊला सुरुवात केली आणि दुपारच्या जेवणाच्या आत सगळं आटपलं. गाळणीसुद्धा हरवली नाही.

शेवटची फेरी वर येत होती तेव्हा भावोजी रिक्षातून उतरले. कुणी सांगितलं कुणास ठाऊक. मी सारवासारव करू लागलो, त्यांनी हातानेच थांबवलं. हॉलमध्ये खोक्यांची भिंत होती. ते तिच्याजवळ गेले, एका खोक्यावर बोटाचं पेर वाजवलं, कान देऊन ऐकलं. "चांगलंय," म्हणाले. "दणकट आहे." वास नाही घेतला. मग कुणीतरी पाणी आणलं ते प्यायले, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, गच्चीतून दिसणारी द्राक्षाची बाग पाहिली आणि मला म्हणाले, "बरं झालं मास्तर. आता तुम्हाला कुठे जायला नको."

ते अजूनही येतात, महिन्या-दोन महिन्यांनी, दुपारच्या चहाला. भाड्याच्या तिन्ही घरांत ते कधी हाक मारून आले नाहीत; दार ढकलायचे आणि थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचलेले असायचे, आणि त्याचा मला किती राग यायचा. आता ते दाराबाहेर चपला काढतात, बेल वाजवतात, आणि आम्ही दार उघडेपर्यंत पायपुसण्यावर उभे राहतात. सोफ्याच्या कडेला बसतात. चहा झाला की "येतो मग" म्हणतात, आणि मी कितीही वेळा विचारलं, काही काम होतं का, भावोजी, तरी खरोखरच काही काम नसतं.